म्याडमनं सांगितलंय

सांडूभाऊ,

तुम्ही गेल्याचं मला आठव्या दिवशी कळलं. तुमच्या मोबाइलमध्ये माझा नंबर नुसता 'म्याडम' म्हणून होता. तुमच्या कैलासला वाटलं, असेल कुणीतरी शाळेतली बाई. त्यामुळं मामा, मेव्हणे, शेंद्र्याच्या त्याच्या कारखान्यातले लोक असं करत करत तो शेवटी माझ्यापर्यंत पोचला. मी रागावले नाही. या वयात बातमी आठ दिवस उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही, जाणारा काही परत फिरत नाही. फोन ठेवेपर्यंत दूध उतू गेलं होतं. ओटा पुसला, शेगडी पुसली, आणि मग रडू आलं.

तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं केलीत, मागं कोण कोण, हे सगळं तेराव्याच्या पत्रिकेत छापलं होतं. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुमच्याशी थोडं भांडायचंय आणि एक कबुली द्यायचीय. भांडण आपलं नेहमीचंच. कबुली ज्या बाईला द्यायला हवी तिला आता देता येत नाही, म्हणून तुम्हाला देते आहे. तुम्ही ऐकून घ्यायचात. उत्तर द्यायचात की नाही, ते तुमच्या लहरीवर असायचं.

आपली ओळख उंदरांमुळं झाली. मी एम.फार्म.च्या प्रबंधासाठी कॉलेजच्या मागच्या त्या लांबट कौलारू खोलीत पहिल्यांदा आले, तेव्हा तुम्ही पिंजऱ्यांतला भुसा बदलत होतात. कागदोपत्री ते प्राणीगृह होतं, तुम्ही त्याला उंदीरखाना म्हणायचात. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, तिथं कुणा जहागीरदाराचे घोडे बांधलेले असत म्हणे, आणि पावसाळ्यात भिंतींना अजून घोड्यांचा वास येतो असं तुमचं ठाम म्हणणं होतं. मला तो कधीच आला नाही. पहिल्याच दिवशी एक पांढरा उंदीर मला अंगठ्याला कडकडून चावला. तुम्ही आयोडीन लावता लावता म्हणालात, "तो तुमाला नाय चावला म्याडम. तुमच्या भेवाला चावला." मग तुम्ही मला उंदीर धरायला शिकवलंत. मानगूट धरायची नाही, खांद्याखालून बोटं घालायची, त्याला वाटलं पाहिजे की आपण पडणार नाही. पुढं तीस वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवलं आणि त्यांना वाटत राहिलं की म्याडमनी हे पुस्तकात वाचलंय.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण हे वाचणारे काही आपल्या उंदीरखान्यातले नाहीत. ज्यांचं मन भरकटतं, ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, अशा रुग्णांना दिली जाणारी औषधं मन शांत करतात, पण त्याबरोबर अंगाची हालचालही जखडून टाकतात. ती किती जखडतात हे आम्ही उंदरांवर मोजत होतो. औषधाचं इंजेक्शन द्यायचं, तासाभरानं उंदराचे पुढचे दोन पाय टेबलावर बसवलेल्या आडव्या सळईवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच दाबायचं. औषध न दिलेला उंदीर लगेच पाय खाली घेतो, असं ताटकळत उभं राहायला कुणाला आवडतं? औषध दिलेला तसाच राहतो. डोळे उघडे असतात, मिशा हलत असतात, पण सळईवरचे पाय काही निघत नाहीत. तो किती वेळ तसा राहतो ते वहीत लिहायचं.

दुसरा प्रयोग घंटेचा. घंटा वाजली की थोड्या वेळानं पिंजऱ्याच्या तळाला विजेचा हलका झटका बसायचा. उंदीर चार दिवसांत शिकायचा आणि घंटा ऐकताच मधल्या खांबावर चढून बसायचा. औषध दिल्यावर घंटा वाजली तरी तो खालीच. झटका बसला की मात्र चढायचा. तुम्ही हे बराच वेळ बघत उभे होतात.

"घंटी ऐकू येती ना त्याला?"

"येते."

"आन् चढताबी येतं."

"येतं की. झटका बसल्यावर चढला ना."

"मंग घंटीला चढंना कामून?"

"पुढं काय होणार याची भीती वाटेनाशी होते, सांडूभाऊ. म्हणून तर हे औषध."

तुम्ही भुशाची पाटी उचलून निघालात. मला वाटलं, समजलं यांना. समजलंच होतं, माझ्यापेक्षा जास्त. ते मला नंतर कळलं.

माझ्या सळईच्या प्रयोगाच्या दोन अख्ख्या तुकड्या बिघडल्या त्या तुमच्यामुळं. आकडे जुळेनात. तोच डोस, तेच वजन, पण कधी उंदीर बराच वेळ जागचा हलायचा नाही, तर कधी मध्येच पाय खाली घ्यायचा. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोनदा वही परत केली. मी इंजेक्शनची बाटली बदलली, तराजू तपासला, रडून घेतलं. मग एका दुपारी वहीतून सहज मान वर केली तर तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे, आणि बोटातल्या तांब्याच्या अंगठीनं टेबलाच्या कडेला टिचकी मारताय. एकदाच आणि हलकेच. त्या आवाजासरशी उंदीर दचकला, त्यानं पाय खाली घेतले आणि चार पावलं चालला.

मी तेव्हा जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. महिनाभराची मेहनत वाया गेली होती, तुमची नोकरी घालवीन असंही मी म्हणाले. लाज वाटते. माझं बोलून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "बघवत नाय म्याडम. घरीबी हेच बघतो ना."

तेव्हा मला गया कळली. तुमची धाकटी बहीण. सिल्लोडकडं दिलेली, दोन वर्षांत माहेरी परत आणून सोडलेली, कारण तिला सासूनं पिठात काच कालवल्याचं दिसायचं आणि विहिरीतून कुणीतरी हाका मारायचं. सरकारी दवाखान्यातून गोळी सुरू झाली, हाका थांबल्या, काचही थांबली. पण गयाही थांबली. भाकरी थापायला बसली की हात पिठावर तसाच राहायचा. तवा तापून धूर निघायचा आणि ती बघत बसायची. चालताना हात हलायचे नाहीत, तोंडातून लाळ यायची, आणि दारात बसवली की उठवेपर्यंत तिथंच. "मंग म्या टाळी वाजिवतो," तुम्ही म्हणालात. "टाळी वाजिवली का उठती. एवढं एकच सापडलंय मला. उंदरालाबी लागू पडतं का ते बघितलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही खिशातून कागदाची पुडी काढलीत. त्याबरोबरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव होतं. मी उंदरांना टोचत होते तेच.

आता कबुली. त्याच आठवड्यातली गोष्ट. मी नवी तुकडी घेऊन बसले होते, एका हातात स्टॉपवॉच, एका हातात पेन्सिल. तुम्ही आदल्या दिवशीचे उंदीर पिंजऱ्यात पळताना बघत होतात. म्हणालात, "काल हे दगड झाले व्हते. आज बगा कसे पळत्यात. मानसाचंबी असंच असतं का?" मी मान वर केली नाही. सेकंद मोजत मोजत म्हणाले, "हो, औषध उतरलं की सगळं पूर्ववत होतं."

उत्तर बरोबर होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. पण तुम्ही परीक्षक नव्हतात, गयाचे भाऊ होतात. तुम्ही संध्याकाळी रोजच्या एसटीनं पिशोरला घरी गेलात आणि गोळी बंद केलीत.

दहा-बारा दिवसांनी तुम्ही हसत आलात. फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा माझ्या टेबलावर ठेवलात. "गयानं थापल्या. हात मोकळा झाला म्याडम. काल हसली." मी भाकरी खाल्ली. इतकी पातळ, इतकी गोल भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती. दुसरी खाताना मला विचारायचं सुचलं की डोस कमी केला का डॉक्टरांनी. तुम्ही म्हणालात, "बंदच केली. तुमीच म्हनला व्हतात ना, उतरलं का ठीक व्हतं."

सांडूभाऊ, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. औषध उतरलं की हात परत येतात, तशा हाकाही परत येतात. उंदराला हाका येत नव्हत्या म्हणून तो नुसता पळत होता. हे मी तुम्हाला तिथंच, तोंडातला घास बाजूला ठेवून सांगायला हवं होतं. पण सोमवारी माझं सरांपुढं सादरीकरण होतं आणि आलेख अजून काढायचे होते. मी म्हणाले, "असं एकदम बंद करत नाहीत. पुढच्या आठवड्यात जाऊ आपण डॉक्टरांकडं, मीही येते." तुम्ही मान डोलावलीत. तुमचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तुम्हीही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलात.

त्याच शनिवारी गया घरातून निघून गेली. तिसऱ्या दिवशी सिल्लोडच्या रस्त्याला, एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. भर उन्हाळ्याचे दिवस, पायात काही नाही. तळपायांची कातडी निघाली होती. तुम्ही आठ दिवस कामावर आला नाहीत. आलात तेव्हा पिंजरे धुतलेत, पाण्याच्या बाटल्या भरल्यात, आणि मला म्हणालात, "आता जाऊ म्हनला व्हतात ना, दवाखान्यात." एवढंच. तुम्ही मला एक शब्द जरी बोलला असता ना, तर माझी चाळीस वर्षं थोडी सोपी गेली असती. हे माझं तुमच्याशी जुनं भांडण. तुम्ही कधी भांडूच दिलं नाहीत.

दवाखान्यात मी बोलले. टिचकीचं सांगितलं, टाळीचं सांगितलं, पिठावर राहणारा हात सांगितला. डॉक्टर भले होते, गर्दीत पिचलेले होते. घरच्यांनी हालचालीबद्दल कधी काही सांगितलंच नाही, असं ते म्हणाले, आणि तेही खरं होतं. त्यांनी डोस कमी केला आणि आखडलेपणासाठी दुसरी एक गोळी जोडून दिली. गया बाकावर बसून माझ्याकडं टक लावून बघत होती. पायांना पट्ट्या होत्या. तिला कळत होतं की ही बाई आपल्यासाठी बोलतेय. ही बाई आधी काय बोलून बसलीय, ते तिला माहीत नव्हतं.

मग माझा प्रबंध झाला. त्यात मी 'प्राणीगृहातील कर्मचाऱ्यांचे' आभार मानले. तुमचं नाव घातलं नाही, तशी पद्धत नव्हती. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि तुम्ही उंदीरखान्यातच राहिलात. आपला वाद चालू राहिला. तुम्ही म्हणायचात, "तुमी लोक मोजता लई. इचारत नाय." मी म्हणायचे, उंदराला काय विचारणार? तुम्ही म्हणायचात, "उंदराचं राहू द्या." मी मोजण्याची बाजू घेऊन किती बोलायचे. मोजल्याशिवाय डोस कसा ठरणार, गयाचा डोस तरी कुणी ठरवला, अशाच कुणीतरी मोजून ना. ते मला आजही खरं वाटतं. पण आता त्यावर तावातावानं बोलायची ताकद उरली नाही. दोन्ही गुडघे गेलेत. बदललेल्या नावाच्या पाट्यांचं हे शहर रिक्षातून बघताना मला निम्मे रस्ते ओळखू येत नाहीत.

गयाचं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "चाललंय. घेती गोळी." कशी घेते, ते मी कधी विचारलं नाही. बघा, विचारलं नाहीच.

ते मला तुमच्या तेराव्याला कळलं.

मी पिशोरला पोचले तेव्हा पंगत उठत होती. कैलासनं मला आतल्या खोलीत नेलं. वाटेतच हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, आत्या गोळी घेईना. बाबा गेल्यापासून एकबी नाय. आमी सगळ्यांनी सांगून बघितलं." मी विचारलं, आधी कशी घ्यायची? तो जरा ओशाळला. म्हणाला, "बाबा रोज सांजंला दिवा लावला का पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याम्होरं बसायचे. म्हनायचे, गया, म्याडमनं सांगितलंय. मंग ती घ्यायची. रोज. बाबा गावाला गेले तर फोनवर म्हनायचे. मला वाटायचं, म्याडम म्हंजी देवीबिवी असंल कुनी."

चाळीस वर्षं, सांडूभाऊ. रोज संध्याकाळी तुम्ही माझं नाव घेतलंत. ज्या जिभेनं तुमच्या बहिणीला उन्हात अनवाणी धाडलं, तिचाच शब्द तुम्ही तिच्यापुढं औषधासारखा धरलात. तिला कधी सांगितलं नाहीत की तो शब्द एकदा चुकला होता. मी दाराला धरून उभी राहिले. कैलासला वाटलं प्रवासाचा शीण.

गया कोपऱ्यात बसली होती. केस पांढरे, पातळ. हात मांडीवर आणि डावा अंगठा सारखा तर्जनीवर घासत असलेला, इतक्या वर्षांच्या गोळ्यांचं ते देणं. मी वाटेत एसटीत ठरवून आले होते. आज गयाला सांगायचं. तुझ्या पायांचं जे झालं ते माझ्यामुळं झालं, भावामुळं नाही. एवढं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मी तिच्यासमोर बसले. तिनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"म्याडम म्हातारी झाली," ती म्हणाली.

"झाले गं. तूही झालीस."

"भाऊ गेला."

"हो."

"आता मला गोळी घी म्हनत्यात सगळे." तिनं दाराकडं हात केला. "यांना काय कळतंय? याला शेंद्र्याच्या मशिनीतलं कळतंय. पानी बडबडाया लागलंय परवाधरनं."

तेरा दिवस झाले होते. मागच्या वेळी किती लागले होते ते मला माहीत होतं. माझी कबुली जिभेवर आलेली होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मला देता येणार नाही. आज मी म्हणाले की गया, म्याडमही चुकते, तर उद्या संध्याकाळी ती कुणाचं ऐकून गोळी घेईल? तुम्ही मला वाचवलंत की अडकवलंत, मला अजून ठरवता येत नाही. एवढा साधा माणूस आणि अशी गाठ मारून गेला.

मी कैलासकडून गोळी घेतली, तांब्या घेतला. म्हणाले, "गया, मी सांगतेय. घे."

तिनं हात पुढं केला. मध्येच तो थांबला. मी टाळी वाजवली नाही, वाट पाहिली. हात आला, गोळी घेतली, पाणी प्यायली.

या वेळी मी 'पुढच्या आठवड्यात' म्हटलं नाही. त्या दिवशी पिशोरलाच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिला घेऊन इथं डॉक्टरांकडं आले. कैलासनं रजा टाकली. डॉक्टर आता तरुण आहेत. त्यांनी गयाला हात पुढं धरायला लावले, चालायला लावलं, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला विचारलं. गोळीनं कसं वाटतं, असं. ती म्हणाली, "हात माझा ऱ्हात नाय, पन पानी गप बसतं." त्यांनी ते लिहून घेतलं. तुम्ही असायला हवं होतंत.

कैलास हे वाचेल. त्याला माझी एकच विनंती आहे, त्यानं हे आत्याला वाचून दाखवू नये.

आता रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, मी पिशोरला फोन लावते. पलीकडं कैलासची बायको तांब्या घेऊन बसलेली असते. मी म्हणते, "गया, मी सांगतेय." गोळी घेतल्याचं गया सांगते. फोन ठेवण्याआधी मी आणखी एक विचारते, जे चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. हात कसा आहे आज? कधी ती उत्तर देते, कधी देत नाही. काल म्हणाली, "एक भाकर थापली. जाड झाली, पन झाली."

मी विचारलं, "कुणी खाल्ली?"

"भावाच्या फोटूम्होरं ठिवलीय," ती म्हणाली. "अजून खाल्ली नाय त्यानं."